अडुसष्ट लाख आणि एक थकलेलं वीजबिल

समजा, सोलापुरात होटगी रस्त्याला भाड्याच्या तीन खोल्यांत एक स्वयंसेवी संस्था आहे. मंगळवेढ्याच्या कोरडवाहू गावांत पाणलोटाचं काम, अक्कलकोट तालुक्यात मुलींच्या शिक्षणाचं काम, आणि शहरातल्या विडी कामगार बायकांसाठी आरोग्य तपासणीची शिबिरं. महिनाअखेर आली आहे. सगळ्या खात्यांत मिळून ६८ लाख रुपये शिल्लक आहेत. द्यायचं आहे ते एवढंच : जागेचं भाडं २२ हजार, रात्रीच्या वॉचमनचा पगार ११ हजार आणि महावितरणचं बिल ९ हजार. एकूण ४२ हजार. आणि ते द्यायला संस्थेकडे पैसे नाहीत.

ऐकणाऱ्याला पहिली शंका घोटाळ्याची येईल. खरं तर संस्थेचा हिशेब चोख आहे म्हणूनच हे घडतंय. ६८ लाखांपैकी ३१ लाख एका कंपनीने पाणलोटासाठी दिलेत. त्यातून बांध घालायचे, वीजबिल भरायचं नाही. २२ लाख परदेशातून आलेत, ते मुलींच्या शाळेचे. ९ लाख कॉर्पस, म्हणजे कायम निधी. त्याच्या मुद्दलाला हात लावायचा नाही. ५ लाख ६० हजार शिबिरांचं सरकारी अनुदान. बेरीज करा, वजाबाकी करा, हातात उरतात ४० हजार. दोन हजार कमी.

या दोन हजारांच्या फटीत ज्याचा दिवस जातो त्याला नियुक्तीपत्रात ‘वित्त व्यवस्थापक’ म्हणतात, ऑफिसात ‘अकाउंटवाले सर’ किंवा नुसतं ‘मॅडम’. संस्थेच्या वार्षिक अहवालात फोटो असतात बंधाऱ्याचे, मुलींचे, शिबिराचे. हा माणूस त्यात कुठे दिसत नाही. पण तो जे करतो ते जरा थांबून पाहिलं तर थक्क व्हायला होतं. पैशाचा मूळ स्वभावच असा की तो कुठून आला हे विसरतो. शंभराची एक नोट दुसऱ्या शंभराच्या नोटेइतकीच चालते, म्हणून तर तो पैसा. बँकेलाही त्याच्याशी देणंघेणं नसतं. तिच्या दृष्टीने खात्यात एक आकडा आहे. आणि हा माणूस रोज सकाळी येऊन पैशाला विसरू न देण्याचं काम करतो. तू कुणी दिलास, कशासाठी दिलास, कधीपर्यंत वापरायचा म्हणून दिलास, हे प्रत्येक रुपयाला चिकटवून ठेवतो.

ते चिकटवायचं कसं? सोलापूरकराला हे चटकन कळेल. जॅकार्डच्या मागावर चादर विणताना ताण्याचा कुठला धागा वर उचलायचा ते भोकं पाडलेले पत्ते ठरवतात. त्यांच्या हुकमाबाहेर एकही धागा हलत नाही आणि म्हणून चादरीवर मोर उमटतो. संस्थेच्या टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरात, प्रत्येक व्हाउचरवर असेच संकेत असतात : कुठल्या देणगीदाराचा निधी, कुठला प्रकल्प, कुठलं गाव, बजेटची कुठली ओळ. नेहमीच्या दुकानदाराचा हिशेब विचारतो, पैसे कशावर गेले? इथला हिशेब विचारतो, कुणाचे पैसे कशावर गेले? एवढ्या एका शब्दाने कामाची गुंतागुंत कित्येक पट वाढते.

उदाहरणार्थ, जीप. सकाळी ती मंगळवेढ्याला निघते. आत पाणलोटाचा अभियंता आहे आणि मागच्या सीटवर आरोग्य शिबिराचे तक्ते. वाटेत एका शाळेची फाइल द्यायची आहे. डिझेल एकदाच भरलं, २,४०० रुपयांचं. ते कुणाच्या खात्यात टाकायचं? सगळं पाणलोटावर टाकलं तर कंपनीच्या पैशाने सरकारी शिबिराचे तक्ते वाहिले असं होईल. म्हणून लॉगबुक, किलोमीटर, आणि तीन तुकडे. माणसांचंही तसंच. एक कार्यकर्ता महिन्यातले साठ टक्के दिवस एका प्रकल्पावर आणि चाळीस टक्के दुसऱ्यावर असेल तर त्याचा पगारही त्याच प्रमाणात फाटतो, आणि त्याला दर महिन्याला टाइमशीट भरावी लागते. कार्यकर्त्यांना या कागदाचा मनस्वी राग असतो. त्यांचंही बरोबर आहे. गावात भांडण मिटवत बसलेला माणूस ते कुठल्या बजेट लाइनखाली मिटवतोय याचा विचार करत नाही.

मग केळीवाला. शिबिरात बायकांना केळी वाटली, ६०० रुपयांची. ‘‘पावती?’’ ‘‘मॅडम, गाड्यावाल्याकडं कुठली आली पावती?’’ इथे शिकाऊ हिशेबनीस अडतो, मुरलेला अडत नाही. संस्थेच्या स्वतःच्या व्हाउचरवर विक्रेत्याची सही किंवा अंगठा, शिबिराची तारीख, हजेरीपटाची प्रत, जबाबदार व्यक्तीची मंजुरी. एवढं जोडलं की गाड्यावरचं केळं लेखापरीक्षणात उभं राहतं. आणि हजेरीपटावर चाळीस सह्या असताना केळी मात्र शंभर जणींना पुरतील एवढी असतील, तर हे पहिल्यांदा त्याच्याच नजरेला येतं. कुणावर आरोप न करता ‘‘एवढी केळी कशी लागली ओ?’’ असं विचारायची त्याची एक खास पद्धत असते. ती कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

हे सगळं संगणक, कंपन्या आणि परदेशी देणगीदारांनी आणलेलं नवं खूळ वाटेल. पण महाराष्ट्राच्या दगडांत ते सुमारे १९०० वर्षांपासून कोरलेलं आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाचं लेणं आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते भिक्षूंना दान केलं. पण नुसतं लेणं देऊन तो थांबला नाही. पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांचं काय, वरखर्चाचं काय, हा प्रश्न त्याला पडला. म्हणजे इमारतीला देणगी देताना तिच्या चालू खर्चाचाही विचार केला. (आजच्या किती देणगीदारांना हा प्रश्न पडतो, ते जाऊ द्या.) त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, अक्षयनीवी (कायम ठेव) म्हणून ठेवले. कुठे? गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं, असं लेखात स्पष्ट लिहिलंय. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, द्यायचे.

आता कागद-पेन्सिल घ्या. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०. वर्षाचे २४०. वीस भिक्षू गुणिले बारा कार्षापण? २४०. ना एक कार्षापण कमी, ना एक जास्त. उषवदाताने दान दिलं हे खरं, पण त्याच्या पदरी असा कोणीतरी होता ज्याने खर्च आधी ठरवला, मग व्याजदर पाहिला, आणि उलट हिशेब करून मुद्दल काढलं. त्याचं नाव लेण्यात नाही. दुसऱ्या ठेवीचं वर्षाचं व्याज ९० कार्षापण होतं, ते भिक्षूंच्या दुसऱ्या किरकोळ गरजेसाठी. दोन उद्देश, दोन ठेवी, दोन वेगळे दर. पैसे एकत्र करून ‘भिक्षूंच्या कल्याणासाठी’ असं मोघम लिहिलेलं नाही. आणि शेवटी नोंद आहे की हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवलं. म्हणजे कायम निधी आला, निर्धारित निधी आला, अंदाजपत्रक आलं आणि नोंदणीही आली. पैसा सांभाळणारे विणकर होते, हे वाचून पद्मशाली विणकरांच्या आणि मागांच्या सोलापूरला थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. बँका नव्हत्या तेव्हा विणकरांच्या श्रेणीची पत एवढी होती की तिच्याकडे कायमची ठेव ठेवावी.

सोलापूर जिल्ह्यातही असा दगड आहे, आणि तो लाखो लोकांनी पाहिलाय. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाठी घासल्या. घासणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल की ती देणगीदारांची यादी आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळात देवळाला कोणी काय दिलं त्याची नोंद, मराठीत. त्यात यादव राजा रामचंद्रदेव आहे, त्याचा अधिकारी हेमाद्री पंडित आहे आणि साधे भक्तही आहेत. एका दिवशी कोरून मोकळं झालेलं हे काम नाही. वर्षामागून वर्ष भर पडत गेलेली ही दगडी देणगी-वही आहे. मोक्षासाठी लोक जिला पाठ टेकत आले ती वस्तू हिशेबाची निघावी, याचं मला फार कौतुक वाटतं.

देणगीदाराची इच्छा एवढी सोवळ्यात का ठेवायची? ती मोडली की काय होतं ते अमेरिकेने २००१ मध्ये पाहिलं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकन रेड क्रॉसच्या लिबर्टी फंडात ५० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. तातडीच्या गरजेपेक्षा पैसा जास्त झाला, तेव्हा संस्थेने त्यातला मोठा भाग पुढच्या आपत्तींसाठी, रक्तसाठ्यासाठी वगैरे राखायचं ठरवलं. विचार केला तर शहाणपणाचा निर्णय. पण लोकांनी पैसे त्या दिवशीच्या पीडितांसाठी दिले होते. एवढा गदारोळ झाला की अध्यक्ष बर्नाडिन हीली यांना पद सोडावं लागलं आणि नोव्हेंबरात संस्थेने माघार घेऊन सगळा निधी पीडितांसाठीच वापरायचं जाहीर केलं. एक पैसाही कुणी खिशात घातला नव्हता. फक्त एका कामाचा पैसा दुसऱ्या चांगल्या कामाला वळवायचा ठरवला होता. आपल्याकडे १९३८ मध्ये चीनच्या मदतीसाठी देशभर वर्गणी गोळा झाली आणि पाच डॉक्टरांचं पथक तिकडे गेलं. त्यातले एक सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. तोच पैसा इथल्या एखाद्या दवाखान्यावर खर्च झाला असता तर पाप झालं नसतं, पण देणाऱ्यांना दिलेला शब्द मोडला असता.

आता कायद्याकडे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० चा. त्याखाली ताळेबंद आठव्या परिशिष्टात आणि जमाखर्च नवव्या परिशिष्टात मांडायचा. देवस्थान असो, तालीम असो, वाचनालय असो की रुग्णालय, नमुना तोच. या नवव्या परिशिष्टावर माझा जरा जीव आहे. त्यात न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च पाच ओळींत भरायचा असतो : धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, दारिद्र्य निवारण आणि इतर धर्मादाय. माणसाच्या सगळ्या गरजा पाच ओळींत! मंगळवेढ्यातला पाझर तलाव यात कुठे बसतो? शेतकऱ्याला पाणी मिळालं म्हणजे दारिद्र्य निवारण, की नुसतं ‘इतर’? गेल्या वर्षी जिथे टाकलं तिथेच यंदाही टाकायचं, हा अनुभवी माणसाचा नियम. नाहीतर ऑडिटरची क्वेरी येते.

प्राप्तिकराचं तर आणखी नवल. धंद्यात पैसे वाचले की पाठ थोपटतात. इथे वाचले की खुलासा द्यावा लागतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने घालून दिलेला नियम असा की करमाफी हवी असेल तर उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षात उद्दिष्टांवर लावायची. १५ टक्के विनाअट बाजूला ठेवता येते. त्याहून जास्त उरलं तर ते कशासाठी साठवतोय हे ठरावीक फॉर्ममध्ये लिहून द्यायचं, मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. त्यात कंपन्यांचा पैसा येतो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं, आणि वर्ष संपायच्या आत खर्च दाखवायची त्यांची घाई असते. त्यांची घाई संपते तिथे संस्थेची सुरू होते. २८ मार्चला आलेल्या १२ लाखांतून ३१ मार्चच्या आत बंधारा बांधता येत नाही, हे बंधाऱ्याला कळतं, फॉर्मला कळत नाही.

पण खरा प्रवास परदेशी रुपयाचा. २०२० मध्ये परदेशी योगदान नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून देशातल्या कुठल्याही संस्थेला येणारी परदेशी देणगी आधी एकाच ठिकाणी उतरते : स्टेट बँकेची नवी दिल्लीतली मुख्य शाखा, संसद मार्ग. जर्मनीतल्या एखाद्या आजीने अक्कलकोट तालुक्यातल्या मुलींच्या सायकलींसाठी पाठवलेले युरो दिल्लीला थांबून, मग संस्थेच्या सोलापुरातल्या वापराच्या खात्यात येतात. या खात्यांत देशी पैशाची एक पैही मिसळायची नाही. त्यातून दुसऱ्या संस्थेला पुढे पैसे देता येत नाहीत. गावातली छोटी संस्था कितीही चांगली असो, तिला ही वाट बंद. आणि सगळ्यात मजेदार नियम असा : त्या पैशावर इथल्या बँकेने दिलेलं व्याजही परदेशीच. होटगी रस्त्यावरच्या शाखेत जन्मलेला, आयुष्यात सीमा न ओलांडलेला रुपया, तरी परदेशी. त्यातून घेतलेली सायकल उद्या विकली तर तिचे पैसेही परदेशी. पैशाला कूळ असतं, आणि ते व्याजालाही लागतं.

एवढ्या कागदांतून काय साधतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण याच जिल्ह्यात आहे. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. पुढे १९९९ पासून या रुग्णालयाने टाटा मेमोरियल सेंटर आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास केला. ५२ ग्रामसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, चार गट. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कुठली तपासणी जीव वाचवते, हा प्रश्न. पैसा होता गेट्स फाउंडेशनचा, कर्करोग प्रतिबंधासाठी एकत्र आलेल्या संस्थांच्या आघाडीमार्फत आलेला. २००९ मध्ये निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी झालेल्या ३४,१२६ जणींच्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू. ज्यांना फक्त माहिती आणि नेहमीची सेवा मिळाली त्या ३१,४८८ जणींच्या गटात ६४. मृत्यूचा धोका जवळपास निम्मा. तपासणीविना ठेवलेल्या गटावरून पुढे नैतिक वादही झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण या प्रश्नावर जगात जे ठरलं त्यात बार्शीचा मोठा हात आहे.

आता हा आकडा हिशेबाच्या खुर्चीतून पाहा. एक लाखावर बायका, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, त्यांचा प्रवासभत्ता, गावात थांबलेली गाडी, नमुन्यांची ने-आण, रसायनं, फॉर्मांची छपाई, आणि वर्षानुवर्षं चालणारा पाठपुरावा. यातली साखळी एका जागी तुटली, एखाद्या तालुक्यातल्या कार्यकर्तीचा भत्ता तीन महिने अडला आणि तिने जाणं सोडलं, की त्या गावची माहिती जाते. गावं पुरेशी गेली की निष्कर्ष जातो. वैज्ञानिक पुराव्याची मजबुती अशा वेळी पगार एक तारखेला होण्यावर टेकलेली असते. शोधनिबंधाच्या लेखकांत लेखाधिकाऱ्याचं नाव घालायची प्रथा नाही.

आणि तरीही देणगीदारांचा आवडता प्रश्न एकच : ‘‘तुमचा प्रशासकीय खर्च किती?’’ जितका कमी तितकी संस्था चांगली, हा समज जगभर आहे. २००९ मध्येच अ‍ॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी स्टॅनफर्डच्या एका नियतकालिकात दाखवलं की यातून उपासमारीचं चक्र सुरू होतं : देणगीदार अवास्तव कमी खर्चाची अपेक्षा ठेवतात, संस्था तो कमी करतात किंवा कमी दाखवतात, त्यामुळे अपेक्षा आणखी खाली जाते. ‘तुमचा शंभर टक्के पैसा थेट लाभार्थ्यांपर्यंत’ अशी जाहिरात दिसली की मला तरी आधी शंका येते. मग चेकवर सही कोण करतं, आणि त्याला पगार कोण देतं?

परदेशी निधीपुरता हा वाद कायद्यानेच मिटवलाय. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. काय प्रशासकीय आणि काय नाही, हे नियमांत दिलंय. रुग्णालयातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय नाही. संशोधन संस्थेत गावोगाव माहिती गोळा करणाऱ्याचाही नाही. भाडं, वीज, फोन मात्र प्रशासकीय. अहवाल लिहून दाखल करण्याचा खर्च प्रशासकीय. आणि यादीत स्पष्ट शब्दांत एक बाब आहे : हिशेब ठेवण्याचा आणि निधी सांभाळण्याचा खर्च. म्हणजे वीस टक्क्यांची रेषा ज्याने राखायची, तो स्वतः पूर्णच्या पूर्ण त्या रेषेच्या आत. देणगी निम्मी झाली की त्याच्या वाट्याचे वीस टक्केही निम्मे होतात. विवरणपत्रं, ऑडिट, उपयोगिता प्रमाणपत्रं यांतलं एकही निम्मं होत नाही. एखाद्या वर्षी परदेशातून एक रुपयादेखील आला नाही, तरी एफसी-४ हा परदेशी निधीच्या वार्षिक विवरणाचा फॉर्म ३१ डिसेंबरच्या आत भरावाच लागतो, सगळ्या रकान्यांत शून्य लिहून. त्या वर्षीच्या परदेशी देणगीतून तो भरणाऱ्याच्या पगाराला मिळतात शून्याचे वीस टक्के.